पुरात गेलेल्या नोंदी: आमच्या बास्केटबॉल लीगच्या पुरुष-महिला विजेत्यांची यादी परत कशी उभी करायची?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी, जरा लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

मी चिपळूणचा. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये बास्केटबॉलची लीग असते, पुरुष आणि महिला दोन्ही गट. खेड, दापोली, गुहागर, रत्नागिरीकडनं टीम येतात, कधी कधी कुडाळ-मालवणहून पण. बाहेरच्यांना ही लीग माहीत असायचं कारण नाही, पण कबड्डी आणि क्रिकेटच्या मुलखात आमच्या आधीच्या लोकांनी दोन रिंगा उभ्या करून इतकी वर्षं हे चालू ठेवलं याचं मला फार कौतुक आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात आलं तेव्हा मंडळाची खोली पार वरपर्यंत बुडाली. स्कोअरबुकं, फोटोंचे अल्बम, टीमच्या प्रवेशिका, जमाखर्चाच्या वह्या, सगळ्याचा लगदा. आणि तेव्हा प्रत्येकाच्या घरातच चिखल होता हो, वह्यांकडे कोण बघणार, बाकीच्या गाळाबरोबर फावड्याने बाहेर गेल्या. मी स्वतः फावडं मारलंय. आज वाटतं निदान उन्हात पसरून तरी बघायला हव्या होत्या.

वाचली ती पुरुषांची फिरती ढाल, कारण ती शेवटच्या विजेत्यांकडे वरच्या आळीत होती. तिच्यावर पितळी पट्ट्या आहेत, वर्ष आणि टीमचं नाव. मधल्या पाच-सहा पट्ट्या पडल्यात, खिळ्यांची भोकं राहिलीत, पण साधारण यादी लागते. महिला गटाला फिरती ढाल कधी केलीच नाही. दरवर्षी एक कप द्यायचो, तो कॅप्टन घरी न्यायची. म्हणजे महिलांची अख्खी यादी आज शून्य आहे.

कोर्टाच्या भिंतीवर मोठा फलक लावायचं ठरलंय आणि कमिटीतला एकजण म्हणाला की पुरुषांचा लावून टाकू, महिलांचं मिळेल तसं नंतर बघू. मी अडवून धरलंय. पण अडवलं म्हणजे मलाच शोधून आणायला लागणार. तर प्रश्न असे आहेत,

दोन मंडळं मधे एकत्र झाली आणि नवीन नाव घेतलं, आता ते म्हणतात दोन्ही जुन्या मंडळांची विजेतेपदं आमच्या नावावर लावा. लावायची का? एका वर्षी फायनलला वळवाचा पाऊस आला, कोर्ट निसरडं झालं, खेळच झाला नाही, तेव्हा ढाल कोणाला दिली यावर आजपण भांडण आहे. एका वर्षीच्या विजेत्यांवर नंतर बाहेरचे खेळाडू खोट्या नावाने खेळवले म्हणून बंदी आली होती, त्यांचं नाव पट्टीवर तसंच आहे. आणि सगळ्यात मोठा प्रश्न महिलांच्या नोंदी आणायच्या कुठून आणि कोणाच्या तोंडी आठवणीवर किती विसंबायचं?

देवगडचा_मुंबईकर

पहिलं म्हणजे पेपर बघ. स्थानिक दैनिकांत अशा फायनलची चार ओळींची बातमी यायचीच, फोटोसकट. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथे जाऊन जुन्या फायली आहेत का विचार, मे महिन्याच्या आधी काढायला सांग. तुमच्या चिपळूणच्या वाचनालयाला पण पुराचा फटका बसला होता ना, तरी विचारून ठेव.

दुसरं म्हणजे चाकरमानी. त्या वेळची अर्धी पोरं आज विरार-डोंबिवलीत आहेत. व्हॉट्सअपवर विचारलंस तर नुसते अंगठे येतील. गणपतीत आरतीनंतर धर त्यांना, दोन जुन्या टीम एकाच ओटीवर बसल्या की एकमेकांच्या चुका आपोआप सुधारतात.

शिटीवाला_रत्नागिरी

वाशिष्ठीकाठ, बरं केलंस लिहिलंस ते. मी बरीच वर्षं स्कोअर लिहायच्या टेबलवर बसलोय आणि पंच म्हणून पण उभा राहिलोय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट जी लोक विसरतात. स्कोअरशीट एकच नसते. खाली कार्बन घालून प्रती निघतात, मूळ प्रत आयोजकांकडे, एक जिंकलेल्या टीमला आणि एक हरलेल्या टीमला. तुमची मूळ प्रत पुरात गेली, पण हरलेल्यांची प्रत खेडला किंवा दापोलीला कोणाच्या तरी ट्रंकेत असू शकते! सगळे विजेत्यांच्याच दारात जातात, तू उपविजेत्यांकडे जा. आणि बाबा, एका पॉइंटने हरलेला माणूस ती शीट फाडत नाही, जपून ठेवतो.

आता शीट मिळाली पण त्यावर तारीख पुसलेली आहे, किंवा नुसता फोटो मिळाला, तर वर्ष कसं लावायचं. खेळाचे नियम बदलत गेलेत त्यावरनं बराच अंदाज बांधता येतो. शीटवर दोन हाफचा हिशेब असेल तर ती बहुतेक २००० च्या आधीची, कारण तोपर्यंत फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमात २०-२० मिनिटांचे दोन हाफ होते, नंतर १० मिनिटांचे चार क्वार्टर आले. खेळाडूच्या नंबराभोवती गोल केलेला दिसला तर तो तीन पॉइंटचा शॉट, म्हणजे १९८४ नंतरचीच शीट, त्याआधी फिबाकडे तीन पॉइंटची लाइनच नव्हती. फ्री थ्रोला (फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट) भरीव टिंब, साध्या बास्केटला तिरकी रेघ, हे लक्षात ठेवलंस तर अर्धवट भिजलेल्या शीटवरनं पण शेवटचा स्कोअर काढता येतो, मी असा एक काढून दिलाय.

फोटोत रिंगेखालचा रंगवलेला भाग बघ. खाली पसरट होत जाणारा असेल तर जुना, सरळ आयताकृती असेल तर २०१० नंतरचा, त्याच वेळी तीन पॉइंटची लाइन ६.२५ मीटरवरनं ६.७५ वर गेली. बनियनवरचे नंबर बघ. पूर्वी ४ ते १५ एवढेच नंबर घालायचे, २०१४ च्या आसपास ते मोकळे झाले. एखादी पोरगी २३ नंबर घालून उभी असेल तर फोटो अलीकडचा धरायला हरकत नाही. पण एक सांभाळ, आपल्याकडे नियम बदलला म्हणून लगेच कोर्ट रंगवत नाहीत, पैसे जमतील तेव्हा रंगवतात. त्यामुळे नवीन खूण दिसली तर फोटो त्या वर्षाच्या आधीचा नाही एवढं नक्की म्हणता येतं, जुनी खूण दिसली म्हणून तो जुनाच असं मात्र म्हणू नकोस.

आता एकत्र झालेल्या मंडळांचं. हे भांडण जगभर झालंय. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, लेकर्स टीमची १७ विजेतेपदं सांगतात त्यातली ५ मिनियापोलिसला असतानाची आहेत, टीम लॉस एंजेलिसला गेली तरी मोजतात. सिएटल सुपरसॉनिक्सने १९७९ ला जिंकलं, २००८ ला ती टीम उचलून ओक्लाहोमा सिटीला नेली, नाव थंडर झालं, आणि थंडर २०२५ ला जिंकले तेव्हा लीगच्या हिशेबात ते त्यांचं दुसरं धरलं गेलं. सिएटलच्या माणसाला हे ऐकवून बघ, त्याला काय वाटत असेल. याच्या उलट बाल्टिमोर बुलेट्स १९४८ चे विजेते, ते १९५४ ला बंद पडले, नंतर त्याच नावाची दुसरी टीम आली पण जुन्यांचं विजेतेपद तिला मिळालं नाही. ते आजही बंद पडलेल्या टीमच्याच नावावर आहे.

मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या दोन मॅच झाल्या, सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. मी दुसऱ्या दिवशीची बघितली. त्या दोन टीमच बघ. किंग्जचं एकमेव विजेतेपद १९५१ चं, तेव्हा ते रॉचेस्टर रॉयल्स होते, मधे दोन शहरं फिरून सॅक्रामेंटोला आले, तरी धरतात. पेसर्सने ३ वेळा जिंकलं, १९७०, ७२, ७३, पण ते एबीए या दुसऱ्या लीगमध्ये, म्हणून एनबीएच्या यादीत त्यांच्या नावावर एकही नाही. मैदानात उतरलेले ते खेळाडू, घाम तोच, पण लीग वेगळी म्हणून कागदावर शून्य.

माझं मत विचारशील तर फलकावर त्या दिवशी जे नाव बनियनवर होतं तेच लिही. एकत्र झालेल्या मंडळासाठी खाली एक ओळ दे, की आधीची अमुक आणि तमुक मंडळं पुढे मिळून हे मंडळ झालं. बेरीज ज्याची त्याने करावी.

पावसाच्या फायनलला संयुक्त विजेते लिहायचं, पण त्या दिवशी तसं जाहीर केलं असेल तरच. २००२ ची चॅम्पियन्स ट्रॉफी आठवते ना, कोलंबोला फायनल दोन दिवस पावसात गेली आणि भारत-श्रीलंका दोघांना विजेते केलं, ते त्याच वेळी ठरलं होतं. वीस वर्षांनी आपण खुर्चीत बसून संयुक्त ठरवायचं नाही. ढाल त्या वर्षी कोणाच्या घरी होती ते शोध, त्यावरनं कळेल.

आणि बंदीवाल्यांचं, अमेरिकेत लुइव्हिल कॉलेजने २०१३ ला जिंकलेलं विजेतेपद २०१८ ला काढून घेतलं, पण ते उपविजेत्या मिशिगनला दिलं नाही, ती जागा तशीच मोकळी ठेवली. तुम्ही पण वर्ष लिहून पुढे 'रद्द' लिहा. नाव खरवडून वर्षच गायब करू नका, वर्ष गायब झालं की पुढचा माणूस समजेल त्या वर्षी स्पर्धाच झाली नाही.

मालवणची_चार_नंबर

मी या लीगमध्ये खेळलेय. आमची टीम मालवणहून यायची, नंबर ४ माझा, कॅप्टन होते म्हणून. दोनदा जिंकलो आणि एकदा फायनल हरलो, म्हणजे दादा तुझ्या त्या शून्यातल्या दोन ओळी माझ्याकडे आहेत.

पहाटेची एसटी पकडून यायचो, सकाळी मॅच, दुपारी कोणाच्या तरी पडवीत आडवं व्हायचं, संध्याकाळी परत मॅच. प्रवासाचे पैसे जमवायला आम्ही जत्रेत कोकम सरबत विकलंय. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत १९७२ ला मुलींची पहिली कॉलेज चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या इम्मॅक्युलाटाच्या मुलींनी टूथब्रश विकून तिकिटाचे पैसे काढले होते, तरी आठच जणी जाऊ शकल्या. ते वाचताना मला रडू आलं खरंच, आपल्यासारखंच की हे.

आता त्यांचंच पुढचं बघा. सलग तीन वर्षं जिंकल्या त्या, ७२, ७३, ७४. मग डेल्टा स्टेटने तीन वर्षं. पण ती स्पर्धा मुलींच्या वेगळ्या संघटनेची होती. पुरुषांची स्पर्धा १९३९ पासून भरवणाऱ्या मोठ्या संस्थेने मुलींची स्पर्धा १९८२ ला सुरू केली आणि त्यांच्या यादीत पहिलं नाव लुइझियाना टेकचं लागलं. आधीची दहा वर्षं त्या यादीत नाहीतच. म्हणून सांगते, तुमच्या फलकावर 'महिला गट सुरुवात' म्हणून जे वर्ष टाकाल ते नीट विचारून टाका. कमिटीने अधिकृत गट केला ते वर्ष आणि मुली पहिल्यांदा खेळल्या ते वर्ष वेगळं आहे. माझ्या मोठ्या बहिणीच्या वेळी महिलांची मॅच 'प्रदर्शनीय सामना' म्हणून पुरुषांच्या सेमीफायनलच्या आधी व्हायची, चार टीम होत्या, फायनल पण व्हायची, कप पण मिळायचा. ती काय चॅम्पियनशिप नव्हती का? माझ्या मते होती.

आणि ज्या वर्षी महिलांच्या तीनच टीम आल्या तेव्हा साखळी खेळवून विजेता काढला होता. नंतर कोणीतरी म्हणालं तीन टीमची कसली स्पर्धा. आम्ही दोन्ही मॅच जिंकलो होतो, एक तर शेवटच्या सेकंदाच्या लेअपवर. ते वर्ष गाळू नका, विनंती आहे.

शोधायचं कसं तर सगळ्यात आधी नावांचा गोंधळ सोडवा. आमच्यातल्या बहुतेकींची लग्नानंतर नावं बदलली, काहींची पहिली नावं पण बदलली. जुन्या बातमीतलं माहेरचं आडनाव घेऊन फेसबुकवर शोधलंत तर कोणी सापडणार नाही. ह्यूस्टन कॉमेट्सची सिंथिया कूपर बघा, डब्ल्यूएनबीएची, म्हणजे तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगची, पहिली चारही विजेतेपदं १९९७ ते २००० त्यांच्या टीमची आणि चारही फायनलची सर्वोत्तम खेळाडू ती, पुढे कूपर-डाइक नावाने कोच झाली. तिची दोन्ही नावं जगाला माहीत आहेत कारण तिथे कोणीतरी लिहून ठेवलं. आमच्यात कोण लिहिणार होतं? म्हणून नोंदवहीत तीन रकाने करा, खेळतानाचं नाव, आत्ताचं नाव, आणि माहेरचं गाव. माहेरच्या गावात जाऊन विचारलंत तर आई किंवा वहिनी लगेच सांगते कुठे दिलीये ती.

तसंच कॉमेट्सची टीम २००८ ला बंदच झाली, चार वेळा जिंकून. तरी लीगच्या यादीत पहिल्या चार वर्षांपुढे त्यांचंच नाव आहे. तुमच्या त्या लांज्याकडच्या आणि आमच्या दोन-तीन महिला टीम पण मोडल्या, पोरी लग्न करून गेल्या, मागे पोरी आल्या नाहीत. मोडलेल्या टीमसाठी भांडायला आज कमिटीत कोणी नसणार. शिटीवाले सरांनी बनियनवरचं नाव लिहायला सांगितलंय ते म्हणून मला पटलं, त्यात मेलेली टीम पण उभी राहते.

वाशिष्ठीकाठ

ताई, तुमची पोस्ट कमिटीच्या ग्रुपवर टाकली. जे म्हणत होते महिलांचं नंतर बघू त्यांनीच फोन केला की दोन्ही रकाने शेजारी-शेजारी आणि एकाच आकाराच्या अक्षरात करूया, एका वर्षासमोर दोन्ही नावं. ज्या वर्षाचं मिळालं नाही तिथे 'नोंद मिळालेली नाही' असं लिहून पट्टी स्क्रूने लावायची, म्हणजे मिळालं की बदलता येईल. प्रदर्शनीय सामन्यांची वर्षं पण त्याच यादीत येणार, वेगळा तळटीपेचा प्रकार नको हे मी बोलून घेतलंय.

शिटीवाले सर, तुमचं ऐकून रविवारी दापोलीला गेलो, उपविजेत्यांकडे. खरोखर मिळाली! एका काकूंच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, कॅलेंडरच्या कागदात गुंडाळलेली महिला फायनलची गुलाबी प्रत. दोन हाफवाली. तारखेचा कोपरा उंदराने खाल्लाय पण दोन्ही टीमची नावं, सह्या, स्कोअर सगळं आहे, दोन पॉइंटने हरल्या होत्या. काकू म्हणाल्या शेवटच्या मिनिटाला माझे दोन फ्री थ्रो हुकले, आणि शीटवर बघितलं तर खरंच त्यांच्या नंबरापुढे फ्री थ्रोचे गोल मोकळे होते. इतक्या वर्षांनी. त्यांनी शीट देत नाही म्हणून सांगितलं, फोटो काढून घे म्हणाल्या. मी म्हटलं राहू दे काकू, तुमच्याकडेच जास्त सुरक्षित आहे.

आता तोंडी आठवणींचं काय करू? एकच माणूस सांगत असेल तर?

शिटीवाला_रत्नागिरी

एकाच टीमच्या दहा जणांनी सांगितलं तरी ते एकच तोंड धर. समोरच्या टीममधल्या एकाने किंवा पंचाने दुजोरा दिला की लिही. नाही मिळाला दुजोरा तर फलकावर नको, पण नोंदवहीत सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून नक्की लिही, पुढे कधीतरी जोडीदार कागद सापडतो. आणि हे सगळं आता एका कपाटात ठेवू नकोस बाबा, स्कॅन करून चार जणांकडे दे, त्यातला एक तरी पुराच्या रेषेच्या वर राहणारा असू दे.

शीटवर पंचांची सही आहे म्हणालास, ती मला पाठव. त्या काळचे आमच्याकडचे पंच मोजकेच होते, सही ओळखू आली तर त्यांना विचारून वर्ष लागेल.

मालवणची_चार_नंबर

दापोलीची ती फायनल आमच्याशीच होती. दोन पॉइंटने आम्हीच जिंकलो होतो. त्या काकूंना माझा नमस्कार सांग, आठ नंबर ना त्यांचा? फार छान खेळायच्या, आमच्या दोघी-दोघी त्यांच्यामागे लावायला लागायच्या.

तुझ्या पोस्टनंतर माळ्यावर चढून कप शोधला. सासरी आणला होता मी, पण कुठे ठेवलाय ते विसरले होते, आंब्याच्या पेट्यांच्या मागे निघाला. सासूबाई खालनं विचारतायत, खय गावला गो तुका ह्यां? वर वर्ष काही नाही, नुसतं 'महिला गट विजेते' आहे. पण उलटा केला तर बुडाला खिळ्याने ओरखडून नावं लिहिलीत, आम्हीच लिहिली असणार परतीच्या एसटीत, बाराच्या बारा जणींची, आणि खाली तारीख पण आहे. शेवटचे दोन आकडे गंजात गेलेत, चिंच लावून बघते. आत्ता इथे लाइट गेलीये, सकाळी उजेडात फोटो काढून टाकते.